घरांतील विजेच्या बंबाचा दोष कसा ओळखावा

न्हाणीच्या पाण्यासाठीं पूर्वीं आपल्या घरोघरीं तांब्याचा बंब असे. तो गळूं लागला तर खालची राख भिजे. मधली नळी चोंदली तर धूर उलटा येई. दोष कोठें आहे हें लहान मुलासही दिसत असे. आतां पुष्कळ शेतकरी कुटुंबांत त्याची जागा विजेच्या बंबानें, म्हणजे गीझरनें, घेतली आहे. ह्याचा दोष मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. तो क्रमानें शोधावा लागतो. न शोधतां केलेली दुरुस्ती किती महाग पडूं शकते हें मला माझ्या घरच्या एका प्रसंगावरून कळलें, म्हणून तो धडा वाचकांपुढें ठेवीत आहें. मी विजेचा कारागीर नव्हे; महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहें. परंतु हिशेबांतील चूक शोधण्याची जी रीत नोकरींत अंगवळणीं पडली, तीच येथें उपयोगी पडली.

१. बंबाचे अवयव

विजेच्या बंबांत पाण्याची टांकी, तापणारी कॉइल, थर्मोस्टॅट आणि कट-आउट असे चार मुख्य भाग असतात. कॉइल म्हणजे धातूच्या नळींत बसविलेली नायक्रोमची तार होय. तार व नळी ह्यांचा स्पर्श होऊं नये म्हणून मध्यें मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी घट्ट ठांसलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊं देते, परंतु वीज जाऊं देत नाहीं. पाणी ठरल्याइतकें तापलें कीं थर्मोस्टॅट प्रवाह तोडतो. तो बिघडून चिकटून राहिला तर पाणी फार तापण्यापूर्वीं कट-आउट प्रवाह तोडतो. पुष्कळ बंबांत तो हातानें दाबून पुन्हा बसवावा लागतो.

जड पाण्याच्या गांवीं कॉइलवर क्षारांचा थर चढतो. थरामुळें नळीची उष्णता पाण्यांत उतरत नाहीं, नळी अधिक तापते व कालांतरानें तिला बारीक चीर पडते. चिरेंतून पाणी आंत शिरलें कीं भुकटी ओली होते, आणि मग वीज तारेंतून नळींत, नळींतून पाण्यांत व टांकीच्या अंगांत उतरूं लागते. अशा वेळीं पाणी पूर्वींप्रमाणेंच तापत असतें. म्हणूनच हा दोष फसवा आहे.

२. दोन राखणदार

ह्या गळतीपासून माणसाचें रक्षण करणारे राखणदार दोन. पहिला अर्थिंगची तार. टांकीच्या अंगांत उतरलेली वीज ही तार जमिनींत नेते, त्यामुळें नळास हात लावणाऱ्याच्या अंगांतून ती जात नाहीं. दुसरा मुख्य फळीवरील आरसीसीबी नांवाचा खटका. ह्याचें काम आवक-जावक ताडून पाहणाऱ्या कारकुनासारखें आहे. फेजच्या तारेनें जितका प्रवाह घरांत गेला तितका न्यूट्रलच्या तारेनें परत आला पाहिजे. घरगुती खटक्यांत बहुधा ३० मिलिॲम्पियरची, म्हणजे एका ॲम्पियरच्या शंभरांत तीन भागांची, तूट दिसतांच तो वीज बंद करतो. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झील ह्यांनीं किती प्रवाहानें माणसाचा हात तारेस चिकटून राहतो ह्याचा अभ्यास केला. पुरुषांच्या बाबतींत तो सरासरी १६ मिलिॲम्पियर व स्त्रियांच्या बाबतींत सुमारें १०.५ मिलिॲम्पियर आढळला. एवढी अल्प तूटही जिवाशीं गांठ घालते, म्हणून हा खटका इतका जागरूक ठेवावा लागतो.

एमसीबी हा खटका वेगळा. तो प्रवाह अति झाल्यास पडतो; गळतीशीं त्याचा संबंध नाहीं. आपल्या फळीवर आरसीसीबी आहे कीं केवळ एमसीबी आहे हें प्रत्येकानें आजच पाहावें. ज्यावर परीक्षेचें लहान बटण असतें तो बहुधा गळतीचा खटका समजावा.

३. घडलेला प्रसंग

मार्गशीर्षांत आमच्या घरचा आरसीसीबी बंब लावल्यावर पांच-सात मिनिटांनीं पडूं लागला. बोलावलेल्या कारागिरानें मल्टिमीटरनें कॉइल तपासली, ती ठीक आहे असें सांगितलें, आणि "हा खटका फार नाजूक आहे" असें म्हणून त्यास वगळून तारा थेट जोडून दिल्या. पाणी तापूं लागलें व आम्ही संतुष्ट झालों. पुढें मीं न्हाणीच्या सांडपाण्यासाठीं मागील अंगणांत चर खणविला. त्या खणण्यांत कुदळीनें अर्थिंगची तार तुटली. घरांतील एकही दिवा विझला नाहीं, म्हणून कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

संक्रांतीच्या पहांटे सून आंघोळीस गेली ती लागलीच परतली व म्हणाली, "मामंजी, नळाला हात लावला कीं झिणझिण्या येतात." ती लांकडी पाटावर उभी होती म्हणूनच झिणझिण्यांवर निभावलें. ओल्या फरशीवर अनवाणी असती तर काय झालें असतें ह्याचा विचार अद्याप मनास चटका लावतो. कारागिरास दोष देऊन मी सुटत नाहीं; एक राखणदार त्यानें काढला तो माझ्या संमतीनें, आणि दुसरा माझ्याच चरानें गेला.

४. दोष शोधण्याचा क्रम

हिशेब जुळत नसला तर कारकून सर्व वह्या एकदम उघडीत नाहीं; बेरजेपासून निघून एकेक पान वगळीत जातो. येथेंही तसेंच करावें.

(अ) बंबाचा खटका बंद करणें पुरेसें नाहीं; प्लग ओढून काढावा. खटका बहुधा केवळ फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते, आणि न्यूट्रलच्या बाजूची गळतीही आरसीसीबी पाडूं शकते. प्लग काढल्यावर आरसीसीबी टिकला तर दोष बंबांत. तरीही पडला तर तो घरच्या तारांत किंवा दुसऱ्या उपकरणांत आहे.

(आ) तो केव्हां पडतो हें लिहून ठेवावें. लावतांच पडला तर गळती मोठी आहे. कांहीं मिनिटांनीं, पाणी तापूं लागल्यावर पडला तर चीर पडलेल्या कॉइलचा संशय प्रथम घ्यावा.

(इ) प्लग हातांत असतांना, पाणी थंड व बंबावरील खटका चालू ठेवून, दोन सारख्या पिनांमध्यें मल्टिमीटरनें रोध मोजावा. २,००० वॅटच्या बंबास २३० व्होल्टवर सुमारें ८.७ ॲम्पियर प्रवाह लागतो व त्याचा रोध २६ ओहमच्या आसपास असतो. ३,००० वॅटच्या बंबाचा १७-१८ ओहम. रोध मुळींच न दिसल्यास कॉइल तुटली आहे, अथवा थर्मोस्टॅट किंवा कट-आउट उघडा आहे.

(ई) येथें थांबूं नये. आमच्या कारागिराची चूक हीच झाली. वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती व इतर प्रत्येक पिन ह्यांमधील रोध पाहावा. येथें मीटरनें कांहींच दाखवूं नये. आमच्या बंबांत पहिल्या मोजणींत २७ ओहम, म्हणजे बरोबर, आले. परंतु जाड पिनेशीं सुमारें ६,००० ओहम दिसले. २३० ला ६,००० नीं भागल्यास सुमारें ३८ मिलिॲम्पियर येतात. खटका नाजूक नव्हता; तो आपलें काम चोख करीत होता. मल्टिमीटरचा दाब अल्प असल्यानें बारीक गळती त्यास चुकूं शकते. म्हणून त्यानें निर्दोष सांगितलें तरी संशय असल्यास वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनें परीक्षा करवावी. एक मेगओहमच्या खालीं आंकडा आल्यास कॉइल बदलावी.

(उ) जाड पिन व टांकीचें उघडें धातूचें अंग ह्यांमध्यें रोध जवळजवळ शून्य असावा. नसल्यास बंबाच्या आंतील अर्थिंग सुटलें आहे.

(ऊ) शेवटीं भिंतींतील प्लगच्या जागेचें अर्थिंग तपासावें. हें काम चालू विजेवरचें असल्यामुळें जाणत्या वायरमननेंच करावें. इतर सर्व तारा तुटल्या तर दिवा विझून सांगतो. अर्थिंगची तार तुटली तर कांहींच सांगत नाहीं.

पाणी उकळण्याइतकें तापून कट-आउट पुनःपुन्हां पडत असेल तर दोष बहुधा थर्मोस्टॅटचा. कट-आउट एकदां बसवून पाहावा. दुसऱ्यांदां पडल्यास कारण शोधल्याशिवाय बंब लावूं नये.

५. कोणतें काम कोणीं करावें

प्लग काढून पिनांवर केलेली मोजणी दक्ष गृहस्थास करतां येते. ज्या बंबास प्लग नसून तारा थेट जोडलेल्या आहेत त्यास, तसेंच बंबाचें झांकण उघडणें, कॉइल बदलणें, फळीवरील तारा हलविणें ह्या कामांस, परवानाधारक कारागीरच हवा. चिरलेल्या कॉइलला डाग देऊन ती वापरूं नये, नवीच घालावी. आरसीसीबीचें परीक्षा-बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. न पडल्यास तो बदलावा. मात्र ह्या बटणानें अर्थिंगची परीक्षा होत नाहीं, हें ध्यानांत असावें. अर्थिंगच्या खड्ड्यावर खूण करावी, तारेचा मार्ग घरांतील सर्वांस सांगून ठेवावा आणि उन्हाळ्यांत खड्ड्यांत पाणी घालावें.

सारांश, वारंवार पडणारा खटका हा तक्रार करणारा साक्षीदार आहे. त्याची जबानी घ्यावी, त्यास हांकलून देऊं नये. विहिरीवरील मोटारीचा खटका पडूं लागला तरी हाच न्याय लावावा. आमच्या घरीं आतां नवी कॉइल बसली आहे, तार पुन्हा जोडली आहे आणि खटका आपल्या जागीं परत आला आहे. चर मात्र मीं कोपऱ्यांतून वळवून घेतला.