पोरगं हट्टी आहे का?

उसाचा हंगाम आहे. रस्त्यावरून ट्रॅक्टर चालले आहेत. ४ वर्षांचे पोर दारात खेळते आहे. आई आतून हाक मारते, "आत ये रे!" पोर मान वळवत नाही. आई पुन्हा ओरडते. शेवटी ती बाहेर येते आणि पाठीत धपाटा घालते. पोर दचकते, रडते, धुळीत लोळण घेते. शेजारीण म्हणते, "लई हट्टी हाय बाई तुझं पोरगं."

साताऱ्यात, सांगलीत, कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात हे दिसते. आम्हीही अशा मुलांना हट्टीच म्हणत होतो. पण त्याला हाक ऐकू आली का, हे कोणी बघितले?

थोडे ऐकू येणारे मूल ढोल वाजला की वळते. मग लोक म्हणतात, याला हवं तेव्हा बरं ऐकू येतं! पण ढोलाचा आवाज मोठा. बोलण्यातले स, श, फ हे आवाज बारीक. ते निसटतात. मुलाला बोलणे अर्धेच पोचते.

आई बाजाराला निघाली, की दुसऱ्या मुलाला सांगता येते, "आत्ता येते हं." या मुलाला एवढेच दिसते, की आई निघाली. ते पदर धरते, चावते. सांगायला शब्द नाहीत, म्हणून हात चालतात.

मागून हाक मारू नये. समोर जाऊन उकिडवे बसावे, खांद्याला हळूच हात लावावा. त्याने तोंडाकडे पाहिले की बोलावे. उजेड आपल्या तोंडावर हवा. ओरडले की तोंड वाकडे होते, आणि मुलाला नुसता राग दिसतो. बाजाराला जाताना पिशवी दाखवावी, जेवायच्या वेळी ताटली. घरात सगळ्यांनी, आजीनेसुद्धा, तीच खूण करावी. खुणा केल्या तर मूल बोलायचे नाही, ही भीती खोटी आहे.

म्हणून सगळे लाड करावेत असेही नाही. भावंडांना जो नियम, तोच त्याला. मात्र "नाही" म्हणताना चेहराही "नाही"च म्हणाला पाहिजे. आपण हसत रागावलो, तर मूल आपले हसणेच धरते.

शंका आली की कान तपासून घ्यावेत. पहिल्या महिन्यातही ही तपासणी होते. यंत्र बाळाच्या कानात बारीक आवाज सोडते आणि कानाचा प्रतिसाद टिपते. बाळाला दुखत नाही. अंगणवाडीत मुलांना तपासायला सरकारी डॉक्टरांचे पथक येते, त्यांना सांगावे. साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय आहे, मिरजेचे सरकारी रुग्णालय आहे. तिथे कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. घरी कानात तेल घालत बसू नये.

ऐकायचे यंत्र मिळाले तरी मूल आधी ते ओढून फेकते. शांत घर एकदम भांड्यांच्या आवाजाने भरते ना! म्हणून सुरुवातीला थोडाच वेळ, खेळताना, यंत्र लावावे. मग रोज वेळ वाढवावा. यंत्राचा छोटा सेल मात्र मुलाच्या हाती लागू देऊ नये. गिळला तर अन्ननळी आतून भाजते. तसे झाले तर उलटी काढत बसू नये, लगेच मोठा दवाखाना गाठावा.