गोळी कागदावर, नजर खांडावर

एनसीसीच्या कॅम्पात पॉइंट टू टू रायफलीनं पाच गोळ्या झाडून आलास आणि आल्या आल्या विचारतोस, "तात्या, ही गोळी कोल्ह्याला पुरंल का? लांडगा पडंल का?" फौजेत उमर घालवलेल्या माणसाला विचारलंस, म्हणून गोळीची पारख कशी करायची ते सगळं सांगतो. पण ती करायची कागदावर. कडबनवाडीच्या माळावर नाही, गाडीखेलला नाही, आपल्या उसाच्या बांधावर तर नाहीच.

ग्रुपिंगचा अर्थ आधी नीट समजून घे. पाचही गोळ्या एकाच ठिकाणी नेम धरून मारायच्या. मधल्या काळ्यात लागतात की नाही, हे आत्ता बघूच नकोस. सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोज. पाची भोकं एकमेकांना चिकटून डाव्या कोपऱ्यात बसली असतील तर खूश हो. रायफल चांगली, गोळी चांगली, तूही चांगला; नुसती साइट सरकवायची. भोकं कागदभर विखुरली असतील तर साइटला हात लावू नकोस. दम कुठं सुटला, ट्रिगर झटक्यानं ओढला का, ते बघ. पोरं एक गोळी चुकली की लगेच साइट फिरवतात आणि मग दिवसभर तिच्यामागं पळतात.

दुसरं, गोळी हातात घेऊन बघ. पॉइंट टू टूचं शिसं उघडं असतं आणि त्यावर मेणासारखं वंगण असतं. आपल्याकडचा मुरूम म्हणजे बारीक किसच. काडतूस खाली पडलं, त्याला धूळ चिकटली आणि तसंच नळीत घातलं, तर प्रत्येक गोळीगणिक नळी घासली जाते. म्हणून काडतुसं डबीतच राहू देत, उन्हात ठेवू नकोस. आणि गोळीची जात बदललीस तर पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नकोस. नळीत आधीचं वंगण असतं, नवं बसेपर्यंत नेम इकडंतिकडं होतो.

मोठे नेमबाज तर एकाच कंपनीच्या गोळ्यांतही लॉट निवडतात. युरोपातल्या कारखान्यांत रायफल शिकंज्यात पकडतात आणि एकेका लॉटच्या गोळ्या पन्नास मीटरवर मारून बघतात. ज्या लॉटचं ग्रुपिंग सगळ्यांत घट्ट, तो विकत घ्यायचा. तिथं माणसाचा हात मधे येतच नाही, म्हणून ती गोळीची खरी परीक्षा. पन्नास मीटरवरच्या कागदावर दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं, तेव्हा लॉट का निवडतात ते कळंल. याच अंतरावर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 2010 साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, आणि राधानगरीच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसात ऑलिंपिकचं कांस्यपदक. दोघांच्या हातात हीच पॉइंट टू टू. खुमखुमी असली तर बालेवाडीची रेंज पुण्यात आहे, तिकडं जा.

गोळी फुटली नाही तर लगेच बोल्ट उघडायचा नाही. नळी कागदाकडंच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं.

आता माळ. ही गोळी दिसायला करंगळीच्या पेराएवढी, पण नळी वर उचलून सोडली तर दीड किलोमीटरवर जाऊन पडू शकते. आपला माळ सपाट, खाली कडक मुरूम आणि धोंडे. गोळी धोंड्यावर आपटली की कुठं उसळंल याचा नेम नाही. पलीकडं कुणाची पोरं शेळ्या वळत असतात. रेंजवर गोळीमागं मातीचा बांध असतो. शिरसुफळच्या माळावर गोळीमागं काय आहे ते तुला दिसत तरी का?

आणि कायदा. 1972 ला मोठा दुष्काळ पडला, त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याआधी इंग्रज सरकार लांडगा मारणाऱ्याला इनाम द्यायचं. आता लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे. मारलास तर कमीत कमी तीन वर्षं आत, जास्तीत जास्त सात, वर किमान पंचवीस हजार दंड. बंदुकीचा परवाना खिशात असला तरी शिकारीची परवानगी त्यातून मिळत नाही. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य तर चिंकाऱ्यासाठीच राखलेलं. आणि हल्ली गाडीखेल-कडबनवाडीला गवताळ माळाची सफारी सुरू झालीय. लोक पैसे भरून तोच लांडगा बघायला येतात, ज्याच्यावर तू गोळी मोजत बसलायस.

मग आपली मेंढरं लांडग्यापासून कशी राखायची? बंदुकीशिवाय. जागा निवडताना वाडा ओढ्याच्या, उसाच्या कडेला टाकू नकोस. चार बाजूंनी उघडं रान बघ. वाघरीचं जाळं ताणून बांध. खालची कड जमिनीला टेकली पाहिजे, मेखा जवळजवळ ठोक. लांडगा उडी मारण्याआधी खाली फट शोधतो. कोकरं मधोमध ठेव, आणखी एका जाळ्यात. चारताना सगळे पुढं चालू नका; एकजण मागं पाहिजे. लंगडी, आजारी, नुकती व्यालेली मेंढी मागं पडते आणि लांडगा तिलाच हेरतो. दिवस मावळताना आणि उजाडताना मोबाइल खिशात. हिवाळ्यात त्याची पिल्लं बिळात असतात, तेव्हा बिळाजवळ मेंढरांचं खांड नेऊ नकोस, धूर तर अजिबात करू नकोस.

कुत्र्यांच्या गळ्यात रुंद पट्टा आणि अंगात रेबीजची लस, दोन्ही हवं. मोकाट कुत्री ही लांडग्यापेक्षा मोठी डोकेदुखी आहेत, हे माझं स्पष्ट मत. तीही मेंढरं फाडतात, नाव मात्र लांडग्याचं होतं. त्यांच्यापासून लांडग्यांत रोग जातो, संकर होतो. गाडीखेलच्या एका जनावराच्या जनुकांत तो संकर शास्त्रज्ञांना सापडलाय. आपल्याकडं पोल्ट्र्या उदंड, मेलेल्या कोंबड्या लोक ओढ्यात फेकतात, आणि कुत्री-लांडगे एकाच ढिगावर येतात. तुझ्या मामाला सांग, खड्डा खणून पुरत जा म्हणावं.

कोल्ह्याचं काय विचारतोस? तो मका आणि कलिंगडं खातो, हे खरं. पण उसातले उंदीरही तोच खातो. खोकडाच्या वाटेला तर जाऊच नकोस, ते बिचारं उंदीर, किडे आणि बोरांवर जगतं.

एवढं करूनही एखादं मेंढरू गेलंच, तर आरडाओरडा करून ते ओढून आणू नकोस. जागा हलली तर पंचनाम्याला अडचण येते. तसंच राहू दे, पायाचे ठसे तुडवू नकोस, शेजारी काठी किंवा चप्पल ठेवून फोटो काढ म्हणजे ठशाचं माप कळंल. अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनखात्याला कळव. वनरक्षकाचा नंबर नसंल तर 1926 लाव. नुकसानभरपाईचा अर्ज त्याच दिवशी दे, आणि बँकेचं पासबुक व आधारची झेरॉक्स आधीच काढून वाड्यावरच्या पेटीत ठेव.