नव्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांची जुळणी

नवा ट्रॅक्टर दारात आला म्हणजे घरातील मंडळी त्याला हळदकुंकू वाहतात, हार घालतात, नारळ फोडतात. इंजिनचा आवाज, दिवे, अवजार उचलण्याची शक्ती या गोष्टी सारा गाव कौतुकाने पाहतो. परंतु पुढच्या दोन चाकांमधील अंतर पुढून किती व मागून किती, हे मोजून पाहणारा शेतकरी विरळाच. यंत्र नवे आहे, तेव्हा ते बिनचूक असलेच पाहिजे, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती महागात पडते, हे एका उदाहरणावरून दिसून येईल.

आमच्या कार्यक्षेत्रातील एका कापूस उत्पादक शेतकऱ्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टर घरी आला त्या दिवशी प्रस्तुत लेखक तेथे हजर होता. पुढे कपाशीच्या ओळींतील अंतराप्रमाणे चाके बसावीत म्हणून त्याने पुढची चाके बाहेर सरकवून घेतली. हे काम विक्रेत्याकडून आलेल्या कारागिराने अंदाजाने केले. एक हंगाम संपतो न संपतो तोच पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा साफ झिजून गेल्या. रस्त्याने भरलेली ट्रॉली ओढताना स्टिअरिंग अस्थिर वाटे व चालकास ते सारखे सावरावे लागे. शेतकऱ्याने टायरला दोष दिला. मोजून पाहिले तेव्हा दोन चाकांच्या पुढील व मागील अंतरांत २० मिलिमीटरचा फरक आढळला. पुस्तिकेत सांगितलेला फरक याहून कितीतरी कमी होता. दोष टायरचा नव्हता, जुळणीचा होता. पहिल्याच दिवशी टेप लावून मोजण्याची रीत या शेतकऱ्यास दाखविली असती, तर दोन टायरांचा खर्च वाचला असता. ती दाखविण्यात लेखकाकडूनही कसूर झाली, हे येथे नमूद केले पाहिजे.

जुळणी म्हणजे काय?

बैलजोडीतील एक बैल एकीकडे व दुसरा दुसरीकडे ओढू लागला, तर गाडी पुढे जाते खरी, पण जोडीचा जीव थकतो. पुढच्या चाकांचेही तसेच आहे. दोन्ही चाके चालताना एकाच दिशेने फिरली पाहिजेत. त्यासाठी चाकांच्या तीन गोष्टी पाहिल्या जातात.

पहिली गोष्ट कॅम्बर. समोरून पाहिले असता चाकाचा वरचा भाग किंचित बाहेर झुकलेला असतो, त्यास कॅम्बर म्हणतात. दुसरी गोष्ट कॅस्टर. ज्या खुंटीभोवती चाक वळते ती किंगपिन वरच्या बाजूस किंचित मागे कललेली असते. त्यामुळे वळण घेतल्यावर चाक आपोआप सरळ होऊ पाहते. बहुतेक दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरांत या दोन गोष्टी पुढच्या आसाच्या घडणीतच ठरलेल्या असतात व त्या शेतकऱ्याने बदलावयाच्या नसतात. त्यांत बिघाड दिसला तर आस वाकला आहे किंवा किंगपिनचे बुश अथवा चाकाचे बेअरिंग झिजले आहे, असे समजावे.

तिसरी गोष्ट टो-इन. वरून पाहिले असता दोन्ही चाके पुढच्या बाजूस एकमेकांकडे अगदी थोडी वळलेली असतात. म्हणजेच पुढील अंतर मागील अंतरापेक्षा काही मिलिमीटर कमी असते. चालताना मातीचा विरोध चाकांना बाहेर ढकलतो व सांध्यांतील ढिलाई निघून चाके सरळ होतात. हा फरक टाय रॉड कमीजास्त लांब करून बदलता येतो, आणि बिघडतो तोही बहुधा हाच.

टो-इन किती ठेवावा, हे प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते व तोच आकडा प्रमाण मानावा. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा आपल्या ट्रॅक्टरला लावू नये. चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरचा आकडा दोन चाकी ओढीच्या ट्रॅक्टरपेक्षा वेगळा असू शकतो.

चूक किती घासते?

६.००-१६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७३० मिलिमीटर असतो. अशा टायरांत टो-इन २० मिलिमीटर असेल, तर प्रत्येक चाकाच्या वाट्यास १० मिलिमीटर येतात. ट्रॅक्टर एक किलोमीटर चालला म्हणजे प्रत्येक पुढचे चाक सुमारे १४ मीटर आडवे घासले जाते. टो-इन ४ मिलिमीटर असेल, तर हीच घसट तीन मीटरांहूनही कमी होते. शेत घरापासून तीन किलोमीटर असेल, तर नुसत्या जाण्यायेण्यात चुकीच्या जुळणीचे चाक रोज ८० मीटरांहून अधिक आडवे फरफटते. मऊ मातीत ही घसट दिसत नाही. डांबरी रस्त्यावर मात्र टायर खडूसारखा झिजतो.

झीज कशी ओळखावी?

टो-इन फार वाढला असेल तर टायरच्या बाहेरच्या कडा अधिक झिजतात. चाके पुढून बाहेर फाकली असतील तर आतल्या कडा झिजतात. हवा कमी असेल तर दोन्ही कडा व हवा जास्त असेल तर मधला भाग झिजतो. हाताचा तळवा टायरच्या पट्ट्यांवरून प्रथम आतून बाहेर व मग बाहेरून आत फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत व दुसऱ्या दिशेने धार लागत असेल, तर चाक आडवे घासत आहे हे निश्चित समजावे.

मोजण्यापूर्वीची तयारी

हवा, बेअरिंग व सांधे ठीक नसताना घेतलेले माप निरुपयोगी असते. यास्तव पुढील क्रम सोडू नये.

१. दोन्ही पुढच्या टायरांत पुस्तिकेप्रमाणे सारखी हवा भरावी.

२. ट्रॅक्टर सपाट व कठीण जागेवर उभा करावा. सिमेंटचे खळे किंवा गोदामापुढील फरशी उत्तम.

३. हातब्रेक लावून मागच्या चाकांना पुढून व मागून दगड अथवा ठोकळे द्यावेत. मग पुढचे एक चाक जॅकने उचलून आसाखाली मजबूत आधार द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नये.

४. उचललेले चाक वर व खाली धरून हलवून पाहावे. ते खटखट हलत असेल तर बेअरिंग वा किंगपिन तपासून घ्यावी. टाय रॉडच्या टोकांचे सांधेही हाताने हलवून पाहावेत. रिम वाकलेली नाही ना, हे चाक फिरवून पाहावे.

५. चाक फिरवीत असतानाच टायरच्या मधल्या पट्टीवर खिळ्याचे टोक स्थिर धरून बारीक रेघ काढून घ्यावी. दुसऱ्या चाकासही असेच करावे व दोन्ही चाके खाली उतरवावीत.

मोजण्याची कृती

यासाठी टेप, खडू व गवंड्याचा ओळंबा एवढे साहित्य पुरे.

ठोकळे काढून व हातब्रेक सोडून ट्रॅक्टर सर्वांत खालच्या गिअरमध्ये सावकाश आठदहा मीटर सरळ पुढे न्यावा, म्हणजे सांध्यांतील ढिलाई निघून जाते. चाके सरळ ठेवून थांबावे, इंजिन बंद करावे व ब्रेक लावावा. आता प्रत्येक चाकाच्या पुढच्या बाजूस, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, रेघेवर खडूने खूण करावी. त्या खुणेवरून ओळंबा सोडून जमिनीवर टोकाची जागा बारीक फुलीने दाखवावी. दोन्ही फुल्यांमधील अंतर हे पुढील अंतर होय.

नंतर ट्रॅक्टर पुढे न्यावा व टायरवरील त्याच खुणा चाकाच्या मागील बाजूस मध्याच्या उंचीवर आल्या की थांबवावा. वर सांगितलेल्या मापाच्या टायरात हे सरकणे सुमारे सव्वा मीटरहून थोडे कमी भरते. पुन्हा ओळंबा सोडून फुल्या कराव्यात व अंतर मोजावे. हे मागील अंतर होय. मागील अंतरातून पुढील अंतर वजा केले की टो-इन मिळतो. उदाहरणार्थ, मागील अंतर १३०४ मिलिमीटर व पुढील अंतर १३०० मिलिमीटर असेल, तर टो-इन ४ मिलिमीटर झाला. पुढील अंतरच जास्त भरले तर चाके बाहेर फाकलेली आहेत असे समजावे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोजताना ट्रॅक्टर मागे घेऊ नये. खूण चुकून पुढे गेली, तर पुन्हा आरंभापासून मोजावे. तसेच, पुस्तिकेतील आकडा टायरच्या मध्यावर घ्यावयाचा की रिमच्या कडेवर, हे वाचून घ्यावे, कारण दोन्ही ठिकाणी फरक सारखा येत नाही. संपूर्ण माप तीन वेळा घेऊन ते जुळते का पाहावे. ट्रॅक्टर हलत असताना त्याच्या पुढे वा चाकांजवळ कोणी उभे राहू नये.

जुळणी दुरुस्त करणे

नव्या ट्रॅक्टरचे माप चुकलेले आढळल्यास मालकाने स्वतः पाना हाती घेऊ नये. हमीची मुदत चालू असते. माप व तारीख लिहून विक्रेत्यास कळवावे आणि त्याच्या कारागिराकडून आपल्या समोर दुरुस्ती करून घ्यावी. मात्र काम योग्य क्रमाने होत आहे की नाही, हे मालकास समजले पाहिजे.

प्रथम टाय रॉडवरील लॉक नट सैल करावेत. दोन टाय रॉड असतील तर दोन्ही सारखेच फेरे फिरवावेत. एकच फिरविला, तर टो-इन बरोबर आला तरी स्टिअरिंग मध्यावर राहत नाही व एका बाजूचे वळण आखूड होते. टाय रॉड आसाच्या मागे असेल तर तो लांब केल्याने टो-इन वाढतो, व आसाच्या पुढे असेल तर कमी होतो. दुरुस्तीनंतर ट्रॅक्टर पुन्हा आठदहा मीटर पुढे नेऊन नव्याने मोजावे. माप बरोबर आल्यावर लॉक नट घट्ट आवळावेत व मग पुन्हा एकदा मोजावे. ढिला राहिलेला लॉक नट हा वाकड्या चाकाहून अधिक धोक्याचा आहे. शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून टायर कोठे घासत नाही ना, हे पाहावे.

केव्हा मोजावे?

ट्रॅक्टर ताब्यात घेताना एकदा व पहिल्या सेवेच्या वेळी दुसऱ्यांदा माप घ्यावे. ही पहिली सेवा अनेक ट्रॅक्टरांत सुमारे ५० तासांच्या कामानंतर असते. पुढच्या चाकांतील रुंदी बदलली की प्रत्येक वेळी टो-इन पुन्हा मोजलाच पाहिजे. आस सरकविला म्हणजे टाय रॉडही दोन्ही बाजूंनी सारखे लांब करावे लागतात, आणि वर सांगितलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत चूक झाली ती नेमकी येथेच. चाक बांधावर, खडकावर वा खड्ड्यात जोराने आदळल्यास, टाय रॉड किंवा बेअरिंग बदलल्यास, व दरवर्षी हंगामापूर्वीही माप घ्यावे.

जीपसारख्या गाड्यांविषयी

डोंगराळ भागात शेतावर जाण्यासाठी चारही चाकांना ओढ असलेल्या जीपसारख्या गाड्या वापरल्या जातात. त्यांची जुळणी शहरातील यंत्रावर करून घेणे इष्ट, कारण त्यांचा वेग अधिक असतो व चूक अधिक घातक ठरते. अखंड पुढचा आस असलेल्या गाडीत बहुधा टो-इनच बदलावयाचा असतो. ज्या गाड्यांत पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात, त्यांपैकी अनेकांत कॅम्बर व कॅस्टरही बदलता येतात. हवा व सांधे आधी तपासून घ्यावेत. कामापूर्वीच्या व कामानंतरच्या मापांचा छापील कागद मागावा व तो पुस्तिकेशी ताडून पाहावा. नुसते 'करून दिले' यावर समाधान मानू नये. मोठे टायर बसविल्यास वा स्प्रिंगा उंच केल्यास जुळणी पुन्हा करून घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

गावात नवा ट्रॅक्टर आला की पहिल्या आठवड्यात तेथे जाऊन वरील कृती शेतकऱ्यांसमोर प्रत्यक्ष करून दाखवावी. माप शेतकऱ्याच्या हातूनच घ्यावे व त्यानेच ते पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावे. पुढे तंटा उद्भवल्यास हा लेखी आकडा त्याच्या बाजूने बोलेल. ज्या तरुणांस यंत्रांची विशेष आवड आहे, त्यांस प्रशिक्षणाची माहिती द्यावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था, जिची सुरुवात १९५५ साली झाली, ट्रॅक्टरांचे परीक्षण करते व शेतकरी आणि कारागीर यांस प्रशिक्षणही देते.

ट्रॅक्टरचा हप्ता वर्षानुवर्षे फेडावयाचा असतो. त्यात अकाली टायरांचा खर्च पडू नये व ट्रॉली घेऊन रस्त्याने जाणारा आपला मुलगा सुखरूप घरी यावा, असे ज्यास वाटते, त्याने नव्या ट्रॅक्टरला हार घातल्यावर त्याच दिवशी टेपही लावावा. अर्ध्या तासाचे हे काम पुढील कित्येक हंगाम उपयोगी पडेल.