हातांवरचा तोल व मनाची एकाग्रता

प्रस्तुत लेख लिहिण्यास एक कारण घडले आहे. ते प्रथमच सांगून टाकणे बरे. दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या दिवसांत इयत्ता नववीतील एक चपळ व गुणी मुलगा मोबाईलवरील चित्रफीत पाहून दोन्ही हातांवर उभा राहावयास शिकला. मधल्या सुट्टीत त्याने ते मला करून दाखविले. त्याची कंबर वाऱ्यावरच्या ज्वारीच्या ताटासारखी डुलत होती व पाय डोक्यापलीकडे कलत होते, हे मी पाहिले. तरीही मी त्यास शाबासकी दिली आणि कार्यक्रमात त्याचे नाव घातले. हे कोणापाशी शिकलास, तोल गेला तर कसा उतरशील, यांपैकी एकही प्रश्न मी त्यास विचारला नाही. तिसऱ्या दिवशी तो रंगमंचाच्या फळ्यांवर पाठीकडे कोसळला. उजव्या मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला, आणि पुढची चाचणी परीक्षा त्यास लेखनिक घेऊन द्यावी लागली. त्याचे वडील मला एका अक्षरानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला हलके वाटले असते.

त्यानंतर मी स्वतः, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मल्लखांब शिकविणाऱ्या एका वृद्ध वस्तादांकडे जाऊ लागलो. जी विद्या आपणांस येत नाही तिला शाबासकी देण्याचा अधिकार आपणांस नाही, एवढे मला उमगले होते. वस्तादांनी पहिला महिनाभर मला हातांवर उभे राहू दिलेच नाही. मनगटे फिरवावी, भिंतीस तळवे लावून खांदे ताठ करावे, आणि मऊ मातीवर पुनःपुन्हा पडावे, एवढाच पाठ! पडण्यास भिणारा मनुष्य तोलाकडे लक्ष देऊ शकत नाही, त्याचे सारे चित्त भीतीकडे असते, असे ते म्हणत. ही गोष्ट आपल्या गावच्या एका जुन्या कथेशी किती जुळते, हे माझ्या ध्यानी पुढे आले.

खुलताबादेजवळचा सुलिभंजनचा डोंगर आपण सर्वांनी पाहिला आहे. संत एकनाथांनी या डोंगरावर ध्यान केले, अशी परंपरा आहे. पैठणचा हा मुलगा लहान वयात देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे आला. स्वामींनी त्यास आल्याबरोबर डोळे मिटून बसविले काय? नाही. त्यांनी त्यास हिशेबाच्या वह्या लिहावयास दिल्या. एके रात्री जमाखर्चात एका पैची चूक निघेना, म्हणून एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि पहाटे ती सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. पैसाठी जे चित्त इतके एकवटते ते ईश्वराकडे लागले तर काय होईल, असे स्वामींच्या मनात आले, आणि मग पुढे सुलिभंजनची वाट दाखविण्यात आली. ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. मला ती शिक्षणशास्त्राचीही वाटते. शिष्य कोठवर आला आहे हे पाहणारा डोळा जवळ होता, आणि पायरी त्या डोळ्याने ठरविली, शिष्याच्या हौसेने नव्हे.

आता या विद्येचा थोडा इतिहास पाहू. त्यासाठी प्रथम घाट उतरून वेरूळास जाऊ. तेथे एकंदर 34 लेणी आहेत, परंतु सहलीस गेलेली मुले कैलास पाहून परततात, ही माझी नेहमीची तक्रार आहे. बाराव्या लेण्याच्या तिसऱ्या मजल्यावर चढून जा. तेथे ओळीने बसलेल्या बुद्धमूर्तींचे खांदे पाहा, ते किती सैल सोडलेले आहेत. एकोणतिसाव्या, म्हणजे धुमार लेण्यात योगिरूपातील शिव पद्मासनात बसला आहे. बत्तिसाव्या लेण्यात, ज्यास इंद्रसभा म्हणतात, गोमटेश्वर उभा आहे. तो इतका काळ निश्चल राहिला की वेली त्याच्या अंगावर चढल्या. बौद्ध, शैव व जैन या तिन्ही परंपरांच्या शिल्पकारांनी स्थिरता दाखविताना स्नायू फुगवून दाखविलेले नाहीत, ही गोष्ट आसने करणाऱ्याने नीट लक्षात घ्यावी.

बसण्याची ही आसने फार प्राचीन आहेत. हातांवर तोलण्याची आसने त्या मानाने उशिरा ग्रंथांत येतात. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत अवघी 15 आसने वर्णिलेली असून मयूरासन व कुक्कुटासन ही हातांवरची दोन आसने त्यांत आहेत. आज सर्रास दिसणारे हातांवर सरळ उभे राहण्याचे आसन मात्र त्या 15 मध्ये नाही. महाराष्ट्रात अंगाचा तोल शिकविण्याचे काम पुष्कळ अंशी आखाड्यांनी केले. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबास नवे जीवन दिले. अशाच आखाडी परंपरेतील बडोद्याचे राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली जगन्नाथ गणेश गुणे हा तरुण तयार झाला. पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींपाशी योग शिकून तो स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झाला. त्यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले व त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक काढले. योगक्रिया चालू असता शरीराच्या आत काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या व दाब मोजण्याच्या साधनांनी तपासले. ऐकीव महात्म्यावर न विसंबता मोजून पाहणारा हा शिक्षक मला विशेष प्रिय आहे.

दुसरे नाव पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचे. 1918 साली बेल्लूर येथे जन्मलेला हा मुलगा बालपणी हिवताप, विषमज्वर व क्षय यांनी खंगलेला होता. मेहुणे कृष्णम्माचार्य यांच्याकडे म्हैसूरला आसने शिकून तो 1937 साली पुण्यास आला व 2014 साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. ज्यांचे अंग वाकत नाही त्यांच्यासाठी त्यांनी दोर, पट्टे, खुर्च्या व लाकडी विटा वापरल्या. 1966 साली इंग्रजीत निघालेल्या आणि मराठीत ‘योगदीपिका’ या नावाने आलेल्या त्यांच्या ग्रंथात 200 आसने असून त्यांचा अभ्यासक्रम 300 आठवड्यांचा, म्हणजे सुमारे पावणेसहा वर्षांचा, लावून दिलेला आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याने अवघ्या तीन आठवड्यांत हातांवर उभे राहण्याचा प्रयत्न केला होता, हे येथे आठवते.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. प्रथम एक प्रयोग करा. एक मीटरची पट्टी बोटाच्या टोकावर उभी धरून तोला, मग तसेच पेन्सिलीचे करा. पट्टी तोलता येते, पेन्सिल क्षणात पडते. लांब वस्तू सावकाश कलते, म्हणून बोट हलवून तिला सावरण्यास अवधी मिळतो. आता पट्टीच्या टोकाकडे न पाहता बोटाकडे पाहा. पट्टी लागलीच पडेल. तोल हे बळाचे काम नसून चूक लवकर ओळखून ती थोडक्यात सुधारण्याचे काम आहे. एकनाथांची पै ती हीच.

हातांवर उभे राहताना तळहात हेच पाऊल होय. अंग पुढे, बोटांच्या दिशेने कलू लागले की बोटांच्या पेरांनी जमीन दाबावी. मागे येऊ लागले की मनगटाजवळचा तळवा दाबावा. अंगाचा गुरुत्वमध्य तळहातांच्या वर आहे तोवर तुम्ही उभे आहात. तो बाहेर गेला की कितीही बळ लावा, उपयोग नाही.

प्रारंभ मात्र काकासनाने करावा. उकिडवे बसून तळवे खांद्यांइतक्या अंतरावर टेकावे, गुडघे दंडांवर ठेवावे, नजर वीतभर पुढे राखावी आणि छाती पुढे नेत जावी. पाय उचलावयाचे नाहीत, ते आपण होऊन हलके होतात. कपाळासमोर उशी ठेवावी, कारण पहिल्या आठवड्यात नाक आपटणे ठरलेलेच! मयूरासनात गुडघ्यांवर बसून बोटे पायांकडे करून तळवे टेकतात, कोपरे जुळवून बेंबीच्या दोहों बाजूंस लावतात, पाय मागे लांबवितात, आणि धड हळूहळू पुढे सारतात. डोके व छाती यांचा भार पायांच्या भारास तोलून धरतो, व अंग काठीप्रमाणे आडवे राहते. पोटावर दाब असल्याने जेवणानंतर निदान चार तास तरी हे करू नये.

हे साधल्यावर भिंत. भिंतीकडे पाठ करून ओणवे व्हावे व पाय भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर टेकावे, म्हणजे अंगाचा काटकोन होतो. या स्थितीत दहा श्वास शांतपणे घेता येईपर्यंत पुढे जाऊ नये. सोबत्याने बाजूस उभे राहून मांडीशी हात तयार ठेवावा. समोर उभे राहिल्यास लाथ बसते, हा स्वानुभव आहे. तोल पाठीकडे जाऊ लागला तर एक हात उचलून पुढे ठेवावा, अंग वळवावे व एकेक पाय बाजूस उतरवावा. ही उतरण्याची रीत प्रथम शिकावी, चढण्याची नंतर. आमच्या विद्यार्थ्यास नेमके हेच कोणी सांगितले नव्हते.

पालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांपाशी कूर्चेचा मऊ थर असतो व हाड तेथूनच वाढते. मनगटावर रोज फार भार पडल्यास त्या थरास इजा पोहोचू शकते. म्हणून मनगट दुखू लागले की अभ्यास थांबवावा. ‘दुखले तरी कर’ असे सांगणारा मनुष्य शिक्षक नव्हे. ज्यांस रक्तदाबाचा वा डोळ्यांतील दाबाचा विकार आहे अशा वडील मंडळींनी वैद्यकीय सल्ल्याविना उलटे होऊ नये.

ध्यानाचाही पाठ असाच आहे. घोंगडीची घडी करून तिच्यावर बसावे, म्हणजे कंबर गुडघ्यांहून उंच राहते व पाठ आपोआप सरळ होते. श्वास सोडताना एक, पुन्हा सोडताना दोन, असे दहापर्यंत मोजावे. मन कोठे भटकले तर चिडू नये, पुन्हा एकपासून आरंभ करावा. पाच मिनिटे पुरेत. संपल्यावर मी प्रत्येकास एवढेच विचारतो, की अंक कितव्या वेळी सुटला? पहिल्या दिवशी सर्व जण दहा म्हणतात. आठवड्याने तीन, चार अशी खरी उत्तरे येऊ लागतात, आणि तेथून माझे काम सुरू होते. एखाद्यास डोळे मिटल्यावर भीती वा दुःख दाटून आले तर त्याने डोळे उघडून मला सांगावे. तसेच रेटू नये. शेवटी सर्वांनी शवासन करावयाचे असते. ते करताना मुले चुळबुळतात, तेव्हा मी त्यांना भद्रा मारुतीची आठवण देतो. बळाची ही देवता आपल्या गावी उभी नसून पहुडलेली आहे, आणि ती झोप नसून भावसमाधी आहे, असे भाविक मानतात.

एका ख्रिस्ती पालकांनी मला विचारले की हे आपल्या मुलांनी करावे काय; दुसऱ्या एका मुस्लिम भगिनींनीही तेच विचारले. मी त्यांस सांगितले की लोणावळ्यासच अँथनी डिमेलो हे जेझुइट धर्मगुरू कित्येकांना श्वासाकडे लक्ष देऊन प्रार्थनेस बसावयास शिकवीत. त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक 1978 साली निघाले. आणि ज्यांच्या दर्गाहांमुळे आपल्या गावास कीर्ती लाभली त्या चिश्ती सूफींमध्येही श्वासागणिक नामस्मरणाची ‘पास-ए-अन्फास’ ही साधना आहे. आमच्या वर्गात केवळ अंक मोजले जातात. अंकाच्या जागी नाम घ्यावे की नाही, व घ्यावे तर कोणाचे, हे ज्याचे त्याने आपल्या घरी ठरवावे.

तो विद्यार्थी आता अकरावीत आहे. हाड जुळल्यावर डॉक्टरांची परवानगी घेऊन तो पुन्हा आला, व आम्ही दोघे वस्तादांच्या मातीत बरोबरीने पडलो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो प्रथमच भिंतीविना हातांवर उभा राहिला. मी बाजूस हात तयार ठेवून श्वास मोजीत होतो. त्याचे पाय स्थिर होते, कंबर डुलत नव्हती, आणि दहापर्यंत तो सहज राहील असे मला वाटले. सातव्यास त्याने हात वळविला व तो हळूच बाजूस उतरला. मी विचारले, “का रे, इतक्यात का उतरलास?” तो म्हणाला, “सर, श्वास अडखळला.” माझ्या लक्षात ते आले नव्हते.

येत्या जूनपासून दर शनिवारी सकाळी शाळेपूर्वी हा वर्ग भरेल. उपाशीपोटी यावे, नखे कापलेली असावीत, सतरंजी घरून आणावी. पालकांनी येऊन बसल्यास आनंद होईल.