पाय टेकतील एवढे पाणी

मुलांनो, गेल्या वर्षी आमच्या शाळेची सहल मालवणला गेली होती. सिंधुदुर्ग किल्ला पाहून होडीतून परतताना काही माणसे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरताना दिसली. प्रत्येक पर्यटकाला एक प्रशिक्षक धरून होता. ते पाहून नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, हे शिकून झाल्यावर एकट्याने सराव केला तर काय बिघडले? खोल पाण्यात जायचेच नाही. पाय टेकतील एवढ्याच पाण्यात राहायचे. भीती वाटली की उभे राहायचे!"

त्याचे म्हणणे मला त्या दिवशी पटले होते. तुम्हांलाही पटेल. पण ते बरोबर नाही. का, ते पाहू.

पाण्याखाली श्वास घेण्याच्या या साधनाला स्कूबा म्हणतात. फ्रान्समध्ये 1943 साली जाक कुस्तो आणि एमिल गान्यान यांनी आज वापरतात तशा साधनाला आकार दिला. टाकीत ऑक्सिजन असतो, असे पुष्कळांना वाटते. सहसा तसे नसते. तिच्यात आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते. टाकी आणि तोंड यांच्यामध्ये रेग्युलेटर नावाचे यंत्र असते. भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा ते आपल्याला देते. सारी गोम इथेच आहे.

एक सोपा प्रयोग करा. सुई नसलेली नवी सिरिंज घ्या. दट्ट्या ओढून तिच्यात 10 मिलिलिटर हवा घ्या. टोकावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. हवा आक्रसते. दट्ट्या सोडा, हवा पुन्हा फुगते. दाब दुप्पट केला की हवेचे आकारमान निम्मे होते. हा नियम रॉबर्ट बॉईल याने 1662 साली मांडला. समुद्रात 10 मीटर खाली गेले की दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो. 20 मीटरवर तिप्पट, 30 मीटरवर चौपट.

आता विहिरीत टाकलेले नाणे काढणारा मुलगा आठवा. तो वर छाती भरून श्वास घेतो आणि बुडी मारतो. खाली त्याच्या छातीतली हवा आक्रसते, वर आला की पहिल्याएवढी होते. म्हणून श्वास रोखून वर आल्याने त्याची फुप्फुसे फुगून फाटत नाहीत. स्कूबावाल्याचे तसे नाही. तो खाली असतानाच टाकीतून छातीभर हवा घेतो. तीच हवा रोखून तो वर आला, तर ती फुगत जाते आणि बाहेर पडायला वाट नसते. फुप्फुस फाटते. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. म्हणून स्कूबाच्या पहिल्या धड्यातला पहिला नियम हा आहे : श्वास कधीही रोखायचा नाही.

यासाठी खोली किती लागते? 30 मीटरवरून 20 मीटरवर आलो, तर हवा सुमारे एक तृतीयांशाने वाढते. 10 मीटरवरून पृष्ठभागावर आलो, तर ती दुप्पट होते. अंतर तेवढेच, पण उथळ पाण्यातला बदल जास्त मोठा! छाती पूर्ण भरलेली असेल, तर सव्वा ते दीड मीटरवरून वर येतानाही फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणजे तुमच्या उंचीएवढे पाणीसुद्धा लागत नाही.

आता त्या मुलाचे वाक्य पुन्हा वाचा : "भीती वाटली की उभे राहायचे." नवशिक्याच्या मास्कमध्ये पाणी शिरते. नाकात पाणी जाताच तो घाबरतो. घाबरलेला माणूस काय करतो? विहिरीत लागलेली सवय आठवून श्वास रोखतो आणि झटकन उभा राहतो. नेमके तेच करायचे नसते. अशा वेळी शेजारी कोणी असेल, तर तो दंड धरतो, डोळ्यांत पाहतो, श्वास सोडण्याची खूण करतो. इजा झालीच, तर माणूस वर आल्यावर काही मिनिटांतच बेशुद्ध पडू शकतो. शुद्ध हरपलेल्या माणसाला बुडायला गुडघाभर पाणीही पुरते. त्याचे तोंड पाण्याबाहेर धरणारा कोणीतरी हवा.

उर्दूतला 'गव्वास' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. पर्शियाच्या आखातात मोती काढणारे गव्वास पिढ्यानपिढ्या बुड्या मारत. नाकाला चिमटा, पायाला दगड आणि हातात दोरी. त्या दोरीचे दुसरे टोक होडीतल्या जोडीदाराच्या हातात असे. त्याला सैब म्हणत. खालून हिसका बसला की सैब दोरी ओढून गव्वासाला वर घेई. ज्यांचे सारे आयुष्य पाण्यात गेले, तेही एकटे उतरत नसत.

एकट्याने बुडी मारणारे अनुभवी पाणबुडे आज आहेत, हे खरे. पण ते त्याचे वेगळे शिक्षण घेतात आणि हवेची दुसरी स्वतंत्र टाकी बरोबर नेतात. नवशिक्याने त्यांच्याकडे बोट दाखवू नये. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा केंद्र आहे. मोठे झाल्यावर तिथे जरूर शिका. सराव मात्र प्रशिक्षकाबरोबर किंवा शिकलेल्या जोडीदाराबरोबरच करा.

मग एकट्याने काहीच करता येत नाही का? येते, पण कोरड्या जमिनीवर. टाकीला रेग्युलेटर जोडणे आणि काढणे हवे तितक्या वेळा करा. हाताच्या खुणा पाठ करा. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला, तर 'ठीक आहे'. तळहात गळ्यावरून आडवा फिरवला, तर 'हवा संपली'. आणि अंगठा वर केला, तर 'शाबास' नव्हे, 'वर चला'! त्या मुलाला आम्ही वर्गात या खुणा शिकवल्या. 'ठीक आहे ना?' असे मी खुणेने विचारले, तर त्याने आनंदाने अंगठा वर केला. मग त्याच्याशेजारच्या मुलाने त्याचा दंड धरला आणि त्याला हळूहळू बाकावरून उठवले.