अर्धशिशीवरचा अभ्यास

पाय मोडला तर प्लास्टर सर्वांना दिसते. ताप आला तर तो थर्मामीटरने मोजता येतो. अर्धशिशीचे तसे नाही. ज्याचे डोके ठणकत असते, त्यालाच ते ठाऊक. वर्गात कपाळ धरून बसलेल्या मुलास ‘परीक्षा आली की याचे डोके दुखू लागते’ असे कोणी हिणवले, तर ते हिणवणे केवळ अज्ञानाचे होय. अर्धशिशी हे ढोंग नव्हे. तो मेंदूचा विकार असून पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. प्राचीन सुश्रुतसंहितेतही ‘अर्धावभेदक’ या नावाने त्याचे वर्णन आढळते.

मुलांच्या बाबतीत मात्र हे नाव थोडे फसवे आहे. त्यांचे अर्धेच डोके दुखते असे नाही. बहुधा सगळे कपाळ ठणकते. मळमळते, कधी उलटी होते, उजेड नकोसा वाटतो, भांड्यांचा आवाजही असह्य होतो. काही तासांनी, विशेषतः झोप लागल्यावर, हे वादळ ओसरते.

अशा वेळी मुलाने केवळ सोसत पडून राहावे काय? अमेरिकेतील सिनसिनाटी येथील बालरुग्णालयाच्या तज्ज्ञांनी २०१३ साली एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. १० ते १७ वर्षे वयाच्या १३५ मुलांनी त्यात भाग घेतला. त्यांचे डोके २८ दिवसांपैकी सुमारे २१ दिवस दुखत असे. औषध सर्वांना एकच दिले. सुमारे निम्म्या मुलांना त्याशिवाय शरीर शिथिल करण्याची व दुखण्यास तोंड देण्याची रीत शिकविली. उरलेल्यांना डोकेदुखीविषयी माहिती सांगितली. वीस आठवड्यांनंतर पाहिले, तो दुसऱ्या गटाचे दुखण्याचे दिवस सरासरी ६.८ ने घटले होते, तर रीत शिकलेल्यांचे ११.५ ने!

या रीतीत अवघड असे काही नाही. शांत जागी बसावे. पोट फुगेल असा संथ श्वास घ्यावा व त्याहूनही संथपणे सोडावा. मग दोन्ही मुठी काही क्षण घट्ट आवळाव्यात आणि एकदम सैल सोडाव्यात. खांदे, जबडा व कपाळ यांचेही तसेच करावे. ताण म्हणजे काय आणि सैलपणा म्हणजे काय, हे शरीराला अशा रीतीने कळू लागते. शेवटी, हात कोवळ्या उन्हात ठेवले आहेत अशी कल्पना करावी. मन निवांत झाले की हातांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बोटे खरोखरच ऊबदार होतात. काही रुग्णालयांत बोटाला उष्णता मोजणारे यंत्र लावून मुलांना हा बदल प्रत्यक्ष दाखवितात.

परंतु तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. डोके ठणकू लागल्यावर ही विद्या प्रथमच शिकू पाहणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. चांगल्या दिवशी, रोज दहा-पंधरा मिनिटे सराव केलेला असला, तरच दुखण्याची पहिली चाहूल लागताच ती उपयोगी पडते.

याच्या जोडीला एक साधी वही असावी. दुखणे केव्हा आले, किती वेळ टिकले, आदल्या रात्री झोप किती झाली, न्याहारी केली होती की नाही, पाणी किती प्याले, हे तीत लिहावे. घरात आजीचा संशय ताकावर असतो, तर आईचा मोबाईलवर. वही कोणाचीच बाजू घेत नाही. महिन्याभराच्या नोंदींवरून पुष्कळदा जागरण किंवा उपाशीपोटी गाठलेली शाळाच दोषी ठरते. घेतलेल्या गोळीचीही नोंद करावी, कारण वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीच डोकेदुखी वाढते. गोळी कोणती व किती, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे.

डोके एकाएकी अतिशय जोराने दुखू लागले, सोबत ताप येऊन मान ताठरली, डोक्याला मार लागल्यावर दुखणे सुरू झाले, अथवा हातपाय लुळे पडू लागले, तर ती नेहमीची अर्धशिशी समजू नये. तेव्हा वही आणि श्वासाचा सराव बाजूला ठेवून, वडीलधाऱ्यांना सांगून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.