इफेक्ट लावलास तर ऐकू येऊ दे

चि. पुतण्यास,


गेवराईहून पाठवलेलं तुझं गाणं आधी हेडफोनवर ऐकलं, मग फोनच्या स्पीकरवर. हलगी फार छान रेकॉर्ड झाली आहे. पण इफेक्ट दबकत लावलेत. आवाजावर थोडा रिव्हर्ब, हलगीवर थोडा, बासरीवरही थोडाच. त्यानं गाणं नुसतं धूसर झालंय. तू हे हौसेनं करतोस, डोक्यावर निर्माता नाही. मग एवढं जपून कशाला?

२०१६च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला मोठा वाद्यवृंद रेकॉर्ड केला. तसं काही आपल्याकडे नाही, पण त्यावाचून अडतही नाही. जमैकातल्या किंग्स्टनचा किंग टबी मूळचा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा. १९७०च्या दशकात घरातल्या लहानशा स्टुडिओत तो तयार गाण्यातला आवाज काढून टाकायचा, ड्रम आणि बास उघडे ठेवायचा आणि मध्येच एखादा शब्द इकोत सोडून द्यायचा. त्यातून ‘डब’ संगीत घडलं. त्याचे ते इको आजही अंगावर येतात, कारण आजूबाजूला त्यानं जागा मोकळी केलेली असते. मला त्याचं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

तूही एकच जागा निवड. दुसऱ्या कडव्याचा शेवटचा शब्द बघ. तुझी लय १०० बीपीएम आहे, म्हणजे एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. इकोचा डिले ६००वर ठेव किंवा ४५०वर; ४५०ला तो ठोक्यांच्या मधे पडून जास्त नाचतो. तेवढ्या शब्दापुरताच तो ऑटोमेशननं उघड, फीडबॅक भरपूर दे आणि त्या वेळी हलगी गप्प कर. डिलेतला खालचा खर्ज मात्र काप, नाहीतर बासशी गिचमिड होईल.

बासरी रुंद करायला तू एका बाजूची फेज उलटी केलीस ना? म्हणूनच फोनवर ती जवळजवळ नाहीशी झाली. मंडपातले स्पीकरही बहुधा मोनोच जोडतात, तेव्हा मोनो करून ऐकल्याशिवाय मिक्स पक्का करू नकोस.

आणि गाणाऱ्या मित्राचा आवाज ऑटोट्यूननं पार यंत्रासारखा करायचा असेल तर जरूर कर, पण आधी त्याला ऐकव. आवाज त्याचा आहे. त्याला नको असेल तर तोच प्रयोग बासरीवर कर.

इफेक्ट न लावलेले मूळ ट्रॅक वेगळ्या फोल्डरमध्ये राहू देत. पुढच्या वेळी मिक्सबरोबर तेही पाठव, म्हणजे तू काय बदललंस ते मला नीट कळेल.

तुझा,
काका